मालवणची पोट्टी रायपुरात

सुट्टीत मालवणला गेले की मैत्रिणी आधी खाऊ मागतात, मग किस्से. खाऊ तासाभरात संपतो. किस्से मात्र दर खेपेला डझनभर वाढलेले असतात! नर्सिंगची सीट मिळाली ती थेट रायपूरला, तीही नोव्हेंबरच्या अखेरीस. राहायला तिथल्या गुढियारी भागात काकूंकडे, पेइंग गेस्ट म्हणून. माणसं मूळची अमरावतीची, रेल्वेतली. "मराठी घर आहे, परकं वाटणार नाही," बाबा म्हणाले होते.

*

पहिल्याच सकाळी काकूंनी खालून हाक मारली, "पोट्टी, काय करून राहिली?"

पोट्टी? मी? आणि 'करून राहिली' म्हणजे? राहण्याआधी काही करायचं होतं की काय!

मी घाबरून ओरडले, "काकू, फॉर्म भरून राहिले ना! बाबांनी सहीपण केली!"

खालून काकूंचा आनंदी आवाज आला, "अवो, पाहा! एका दिवसात आपली बोली शिकली पोट्टी!"

*

खोलीत माझ्यासोबत ललिता, अभनपूरची. झोपताना मी विचारायचे, "पंखा बंद करूँ?"

ती म्हणायची, "हव."

हवा तर हवा बापडा! मी चालू ठेवायचे. बाहेर डिसेंबर. तिसऱ्या सकाळी काकू चहा घेऊन आल्या, तर आम्ही दोघी स्वेटर, कानटोपी, वर रजई.

"एवढ्या थंडीत पंखा काहून लावला?"

"हिला हवा असतो," मी म्हटलं.

ललिता ताडकन उठून बसली. "मैं तो रोज बोल रही हूँ, हव! मतलब हाँ! बंद कर!"

*

काकूंची दहावीतली रिया. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. मी ठरवलं, आपणही हिंदीच बोलायचं. दोन आठवडे नेटाने बोलले. एक दिवस विचारलं, "रिया, मेरा टॉवेल किधर वाळत डाला? ओला होगा ना!"

रियाने पुस्तक मिटलं. जन्मात पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली.

"दीदी, तुमी मराठीतच बोला. मले ऐकवत नाई!"

*

आणि हा बिसाहूंचा.

बिसाहू रोज मला ई-रिक्षाने कॉलेजला सोडायचे. वयाने बाबांपेक्षा मोठे. आमच्याकडे ड्रायव्हर म्हणजे मामा, म्हणून मी पहिल्या दिवसापासून 'मामा' म्हणायला लागले. ते नुसतेच हसायचे.

महिनाभरात मी हरले. लेक्चर कळेना, जेवण जाईना. बॅग भरली, घरी जायचं एकाच बाजूचं तिकीट काढलं. काकूंना सांगितलं, "सुट्टीला जाते."

स्टेशनवर बॅग उतरवून म्हटलं, "मामा, येते."

बिसाहूंनी गळ्यातला गमछा सारखा केला आणि भर गर्दीत वाकून माझ्या पायाला हात लावला!

मी दोन पावलं मागे उडाले. "मामा, अहो, हे काय? तुम्ही मोठे!"

"तैं मोला ममा कहे हस," ते म्हणाले. "हमर इहाँ ममा ह भाँची के पाँव परथे." मामाने भाचीच्या पाया पडायचं, एवढं सरळ.

मग सीटखालून एक स्टीलचा डबा काढला. आत बेसनाची ठेठरी, गरमच. भाचीला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत म्हणे.

गाडीची घोषणा झाली. मी डबा बॅगेत वरच ठेवला.

"कब आबे, भाँची?" त्यांनी विचारलं. मग जरा ओशाळून म्हणाले, "डब्बा घरवाली के हे." बायकोचा डबा, म्हणजे परत आणायलाच हवा.

"संक्रांतीच्या आधी," मी म्हटलं.