वास्तुपुरुष तिसऱ्या मजल्यावर

नव्या घरात रेवा कुजबुजत का बोलते, या काळजीनं मी आठवडाभर धड झोपले नव्हते. चार वर्षांची मुलगी. शाळेत एवढी ओरडते की मॅडमनी डायरीत लिहून पाठवलं. आणि कोलार रोडच्या या फ्लॅटमध्ये शिरली की आवाज एकदम खाली, चालणं चवड्यांवर! मी नेटवर जे जे वाचलं, त्यानं टेन्शन वाढलंच. सासूबाईंनी मात्र एका वाक्यात निकाल लावला, “घराला काही तरी दोष आहे.”

मी इंजिनियर आहे. तरी “हो” म्हणाले.

आणि मग एकेका उपायामागे दोन-दोन किस्से जमत गेले. आता घरी कोणी चहाला आलं की मंदार, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, “ते दुधाचं सांग!”

*

तर दुधाचं. हे अगदी पहिल्या दिवसाचं. नव्या घरात पहिलं दूध तापवायचं आणि मुद्दाम उतू जाऊ द्यायचं. सगळे ओट्याभोवती उभे, मंदार व्हिडिओ काढतोय, रेवा त्याच्या कडेवर. दूध फुगून काठाशी आलं आणि माझ्या हातानं झटकन गॅस बंद केला! सवयीचा हात, दुसरं काय.

“काय करून राहिली गं!” सासूबाई नागपूरच्या. “रोज उतू जाते तुझं दूध. आजच बरं लक्ष राहिलं! आता या घराला काही होऊ नये म्हणजे झालं.”

*

मग रेवाची कुजबूज सुरू झाली. सासूबाईंनी आधी तिचा पलंग धरला. डोकं पूर्वेला हवं. पण पूर्व कुठे? माझ्या फोनमधलं होकायंत्र बाल्कनीकडे दाखवत होतं, मंदारचं बाथरूमकडे. आम्ही दोघं इंजिनियर फोन हलवत घरभर फिरतोय!

“सूर्य कुठून निघते ते पाहा नं,” सासूबाई म्हणाल्या.

समोर उंच बिल्डिंग, त्यामुळे तेही दिसत नाही. शेवटी मी खाली जाऊन वॉचमनला विचारलं. तो ठामपणे म्हणाला, “सूरज? वो तो बी-ब्लॉक से निकलता है मैडम, साढ़े नौ बजे.”

पलंग फिरवला. रेवा अजून हळू बोलायला लागली.

*

मग रीतसर वास्तुशांत. मिसरोदहून गुरुजी स्कूटरवर आले. होम झाला, घरभर धूर, रेवा कोपऱ्यात बसून टुकूटुकू बघतेय. शेवटी वास्तुपुरुषाची छोटी प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पालथी पुरायची. आमच्याकडे तो कोपरा म्हणजे सिलेंडरची जागा. मिस्त्रीनं फरशी काढली, ड्रिल लावलं.

पाच मिनिटांत बेल. खालच्या मजल्यावरचे तिवारीजी, केसांत प्लास्टरचा चुरा!

गुरुजींनी अगदी शांतपणे त्यांना विधी समजावून सांगितला. तिवारीजींनी हात जोडून ऐकला आणि म्हणाले, “सब ठीक है पंडितजी. बस इतना बता दीजिए, अब भोग आप लगाएँगे कि हम? लटके तो हमारी छत में हैं!”

हसून हसून मंदारच्या डोळ्यांत पाणी आलं. रेवानं त्या दिवशी पाणीही खुणेनं मागितलं. रात्री मी मंदारला म्हटलं, “मुलांच्या डॉक्टरांना दाखवू या.” तो म्हणाला, “शाळेत तर बोलते ना?”

*

त्यानंतर रोजचे उपाय सुरू झाले. संध्याकाळी धूप, सकाळी गोमूत्र शिंपडणं. ते काम माझ्याकडे. रोज रेवाच्या खोलीपासून सुरुवात करायची. एकदा मी दारापर्यंत पोचले आणि मागे वळून पाहिलं, तर कामवाली सुनीता फिनाइलचा पोछा घेऊन माझ्या मागोमाग!

“दीदी, आप गिराते चलो, मैं पोंछते चलती हूँ.”

आता सासूबाई चिडणार, असं मला वाटलं. त्यांनी फरशीकडे बघितलं. “चालते,” म्हणाल्या, “दोनदा शुद्ध झालं.”

*

परवा दुपारी मी गुरुजींना फोन लावला. वास्तुशांतीनं काही फरक पडला नव्हता, म्हणून उदकशांतीही करून घ्यावी, असं ठरत होतं. रेवा शाळेतून येऊन माझ्या ओढणीशी उभी.

“कोणाशी बोलतेस?” कुजबुजत.

“गुरुजींशी.”

“परत येणार ते?”

“हो.”

“अजून बरं नाही वाटत त्याला?”

“कोणाला गं?”

ती भिंतीपाशी गेली. ताप बघायला मी तिच्या कपाळावर हात ठेवते ना, तसाच तिनं भिंतीवर तळवा ठेवला.

“घराला.”

फोनमध्ये गुरुजी विचारत होते, “हॅलो? ताई, सोमवार जमेल ना?”

मी खाली बसले. “घराला काही झालेलं नाही, रेवा. अगदी बरं आहे ते.”

“नक्की?”

“नक्की.”

तिनं एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

“मग मी ओरडू?”