दोन्ही भोकांत उजेड

आत्या शर्टांना काजं करते. चाळीस वर्षं, हातानं, आणि अशी बारीक की शिंपी म्हणतो, तुमच्यापुढे मशीन झक मारतं. घरातली विजेची कामंही तीच करते. भिंतीतली कुठली वायर कुठून वळते ते तिला पाठ आहे.

गेल्या आठवड्यात तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा बाकी आहे. "हा नीट निघाला तरच त्याला हात लावू देईन," असं तिनं डॉक्टरांना तोंडावर सुनावलं होतं. डोळे गेले की काजं गेली. त्यानंतर आत्याकडे उरतं काय, ते घरात कुणी बोलत नव्हतं.

आज दुपारी बाहेरच्या खोलीतला दिवा गेला. स्वयंपाकघरातला चालू. आत्यानं मला नवा बल्ब लावायला सांगितला. ढिम्म. फ्यूज पाहिला. धडधाकट. मग काळा चष्मा कपाळावर सारून, टेस्टर घेऊन ती प्लगपाशी वाकली.

"वाकायचं नाही सांगितलंय तुला."

"मग डॉक्टरांना बोलाव दिवा लावायला."

टेस्टर उजव्या भोकात. मग डाव्या. पुन्हा उजव्या, पुन्हा डाव्या. तिनं एक डोळा मिटला, मग दुसरा.

"काय झालं गं?"

"काही नाही. इकडे ये. काय दिसतं ते सांग, माझं मन राखायला काही सांगू नकोस."

"टेस्टर पेटलाय."

"आणि या भोकात?"

"यातही."

"नीट बघ."

"आत्या, दोन्हीकडे पेटतोय."

तिचा चेहरा सैल पडला आणि लगेच पुन्हा आक्रसला. "मला वाटलं, डोळाच..." ते तिनं अर्ध्यावर सोडलं. "पण डावं भोक परतीच्या वायरचं. तिथे पेटायलाच नको."

"दोन्हीकडे वीज म्हणजे दुप्पट उजेड पडायला हवा."

"अक्कल पाजळू नकोस. आधी दिव्याचं बटण बंद कर."

मी बंद केलं आणि डाव्या भोकातला टेस्टर विझला. चालू केलं, पेटला. आम्ही चारदा तेच केलं. दरवेळी आत्या मला विचारायची, "विझला ना? तुलाही विझलेला दिसतो ना?"

"भूतबीत असेल."

"भुताला माझ्याच घरी काय काम?" ती भिंतीकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, "वीज दिव्यापर्यंत जातेय. दिव्यातून पुढेही जातेय. पण परत जायला वाटच नाही. तुंबलेल्या मोरीसारखी इथे येऊन थांबलीय. मेन बंद कर आणि बोर्ड उघड."

बोर्डात वायरींचा नुसता गुंता. मी बॅटरी धरून शोधत होते. आत्या दोन हात लांब उभी.

"ती काळी. टोकाला करपलीय. स्क्रूतून निसटलीय बघ."

मला अजून दिसलीच नव्हती. दिसली तेव्हा तिनं माझ्या हातून स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक सोलून पुन्हा नीट आवळलं. मेन चालू केला. दिवा लागला.

"पण आत्या, वीज तुंबते म्हणजे नक्की काय होतं?"

"मलाही अर्धंच कळलंय," ती म्हणाली. दिव्याकडे नाही, बोर्डातल्या त्या काळ्या टोकाकडे ती अजून बघत होती. "डॉक्टरांना फोन लाव. डाव्याची तारीख लवकरची माग."