नानांचे चार कर्णे

आमच्या वारूळवाडीतल्या साउंड सर्व्हिसच्या गोडाऊनमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. उंदीर आणि किस्से! उंदरांसाठी निदान मांजर तरी आहे.

मालक नाना. ॲम्प्लिफायरवर मी, आणि झाडावर चढून कर्णे बांधायला मिलिंद. आमचं पंचांग वेगळंच. जयंती, जत्रा, लग्नसराई, सप्ताह, गणपती. एकाचा आवाज थांबला की दुसऱ्याचा सुरू. नानांचा जीव त्यांच्या चार कर्ण्यांत अडकलेला. पण दोन हजार सालानंतर मंचरकडून डीजेच्या भिंती यायला लागल्या आणि 'आता आपले कर्णे कोण लावणार?' हा घोर नानांना लागला.

*

एका म्हाताऱ्या बाबांचा हट्ट होता, पावशा पक्षी 'पेरते व्हा' म्हणाल्याशिवाय पेरणी करायची नाही. इकडे ट्रॅक्टर दारात उभा आणि पावशाचा पत्ता नाही! मुलगा वैतागून आमच्याकडे आला. मिलिंद पावशाची शीळ हुबेहूब घालायचा. आम्ही ती कॅसेटवर घेतली आणि बाबांच्या आंब्यात गुपचूप छोटा स्पीकर बांधला.

'पेरते व्हा' सुरू झालं. बाबा खूश! हात जोडले, बियाण्याला हळदकुंकू वाहिलं. तेवढ्यात कॅसेट संपली. खट्ट!

बाबा वर न बघता मुलाला म्हणाले, "जा, बाजू पलट पाखराची!"

*

श्रावणातल्या सप्ताहात कीर्तनाचा मंडप नेमका विहिरीजवळ. पाऊस नुकताच उघडलेला, त्यामुळे बेडकांना जोर आलेला. महाराजांनी अभंग धरला की बेडकांनीही धरलाच! आमचा माईक इमानदार, दोघांनाही सारखाच मान देत होता.

महाराज चिडले. "अहो साउंडवाले, बंद करा तो आवाज!"

नानांनी मुकाट्याने ॲम्प्लिफायर बंद केला. महाराज गप्प झाले, बेडूक आणखी रंगात आले.

"कुणाचा आवाज बंद केलात हो?"

"माझ्या हातात व्हता तेवढाच केला, महाराज!"

*

गणपतीच्या आधी मिलिंद कर्णे पुसायला गेला आणि तसाच परत आला. एकात चिमणीनं घरटं केलं होतं. पिल्लं अजून डोळेही न उघडलेली.

मंडळाची पोरं न्यायला आली तेव्हा नानांनी तीनच कर्णे पुढे केले. "चौथ्यात बाळंतीण हाय."

"नाना, चार न्हाई मिळालं तर आमी मंचरचा डीजे आणू!"

"आणा की. पर त्या पोरीला मी हलवायचा न्हाई."

पोरांनी खरंच डीजे आणला. विसर्जन होऊन गेलं तरी नाना रोज त्या कर्ण्यापुढं चिमटीभर तांदूळ टाकत होते. मी म्हणालो, "नाना, गिऱ्हाईक गेलं ना!" तर म्हणतात, "हळू बोल, झोपल्यात ती."

*

थंडीत एका बागायतदाराच्या उसात बिबट्या शिरला. कुणीतरी सांगितलं, मोठा आवाज ठेवला की तो फिरकत नाही. बागायतदारानं आमचा सेट बांधावर लावून घेतला. गणपतीचा सीझन संपलेला, नानांकडे होत्या फक्त लग्नाच्या कॅसेट! संध्याकाळी उसातून सनई सुरू झाली.

बिबट्या आला नाही. पण शेजारच्या वस्तीवरून दोन पावणे टॉवेल-टोपी घेऊन हजर! "आमाला पत्रिका न्हाई दिली, तरी आलो बरं का!"

दुसऱ्या दिवशी बागायतदार सेट परत घेऊन आला. "नाना, बिबट्या परवडला. त्यो च्या तर मागत न्हाई!"

*

चैत्रात गावची यात्रा. बैलगाडा शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, म्हणजे घाटात, दरसाल नानांचेच कर्णे आणि नानांचाच पुकारा. त्या साली कमिटीनं डीजे ठरवला. नाना घरी बसले, जेवलेसुद्धा नाहीत. मला लई वाईट वाटलं. नानांवाचून घाट मला सहनच होईना.

डीजेचा पहिला दणका बसला आणि जुंपलेले बैल मागं सरले. दुसरा गाडा आणला, त्या बैलांनी तर बसकणच मारली! गाडामालक खवळले, डीजे बंद करायला लावला. पण बंद करूनही बैल जागचे हलेनात. शेवटी कमिटीचे अध्यक्ष मोटरसायकलवरून नानांच्या दारात.

"नाना, चला. चुकलं आमचं."

"डीजे हाय ना?"

"बैल त्याचं ऐकत न्हाईत, नाना!"

नाना उठले. मिलिंदनं बाभळीवर कर्णे चढवले, मी वायरी जोडल्या. गाडा जुंपून तयार होता. घड्याळ लावणारे मास्तर बशीत चहा ओतत होते. नानांनी नेहमीप्रमाणे माईकवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "हॅलो, हॅलो..."

बैल सुटले! जुंपणारे आडवे, मास्तरांचा चहा सदऱ्यावर, आणि गाडा सुसाट घाट चढून पार! भंडारा उधळला, शिट्ट्या झाल्या. घड्याळ तेवढं लावायचं राहिलं!

अध्यक्ष धापा टाकत नानांकडे आले. "नाना, पुढल्या सालाला तुमीच! काय म्हणाल ते कबूल!"

नानांनी माईक तोंडाजवळ नेला, आणि चारी कर्ण्यांतून सगळ्या घाटाला ऐकू आलं, "कमिटीच्या अध्यक्षांना नम्र विनंती, त्यांनी असतील तिथून ताबडतोब यावं आणि बैलांचे आभार मानावेत!"