एकदाच विचारायचं

आत्याला केंद्रात सगळे पाठीमागे हेडमास्तरीण म्हणतात. तिला ते माहीत आहे, आणि मनातून आवडतंही.

घरात मारहाण, छळ सोसलेल्या मुलांशी बोलण्याचं हे केंद्र. पोलीस, बालकल्याण अधिकारी, डॉक्टर आणि सरकारी वकील यांनी अशा प्रकरणाचा तपास मिळून करावा, असं कायदा सांगतो. कायद्याला सांगायला काय जातं! चौघांना एका वेळी एका खोलीत बसवता बसवता आत्याच्या नाकी नऊ येतात. ते काचेपलीकडून ऐकतात, आणि मुलाला विचारते एकटी आत्या. तेही एकदाच. चार जणांनी चारदा विचारलं की मूल गोंधळतं, नाहीतर गप्प होतं. कॅमेरा आणि माइक मी सांभाळतो. "भाचा इंजिनिअर आहे, पण प्लग मीच तपासते," असं ती येईल त्याला ऐकवते.

त्या दिवशी सात वर्षांची मुलगी आली. पाठीवरचे वळ डॉक्टरांनी पाहिले होते. ते कुणी उठवले, हे तिच्याकडूनच कळायला हवं होतं, नाहीतर संध्याकाळी तिला त्याच घरी परत पाठवावं लागणार होतं.

मुलगी आत्यासमोर बसली आणि म्हणाली, "त्या काकांना गाडीत सांगितलं ना मी."

काचेपलीकडे आम्ही सगळे नव्या इन्स्पेक्टरांकडे पाहायला लागलो. ते ओशाळले. "रडत होती हो. मलाही लेक आहे. राहवलं नाही, म्हणून विचारलं."

आत खोलीत मुलीने तोंड मिटलं होतं. आत्या बाहेर आली.

"तिला वाटतंय, तुमचा विश्वास बसला नाही म्हणून मी पुन्हा विचारतेय. साहेब, आत या आणि स्वतः सांगा तिला."

"कॅमेरा बंद करा मग," वकील म्हणाले. "समोरचा वकील हेच धरून बसेल."

"लपवलं तर मानगुटीवरच बसेल. अरे, त्या बटणावरचा हात काढ!" हे मला.

इन्स्पेक्टर आत गेले. खुर्च्या लहान मुलांच्या, म्हणून सतरंजीवरच बसले.

"बाळ, गाडीत मी विचारायला नको होतं. चूक माझी, तुझी नाही. या बाईंना मी काही सांगितलेलं नाही. त्यांना तुझ्याकडूनच ऐकायचंय."

मुलीने त्यांना न्याहाळलं. "काहीच नाही सांगितलं?"

"अक्षरसुद्धा नाही."

ते बाहेर आले. आत्या पुन्हा मुलीसमोर जाऊन बसली. मग मुलगी बोलायला लागली, हळू आवाजात, मध्येमध्ये थांबत. आत्याने तिला एकही शब्द सुचवला नाही. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. आवाज स्पीकरमधून येतो, काचेतून नाही, हे ठाऊक असूनही इन्स्पेक्टर काचेला चिकटून उभे होते.

नंतर चौघांनी तिथेच बसून ठरवलं, की तपास पुरा होईपर्यंत मुलगी मावशीकडे राहील. अधिकारी मावशीच्या घरी जाऊन सगळं पाहून आले. मावशी धावतपळत आली आणि मुलीला कवटाळून म्हणाली, "काय झालं गं सोने? कुणी केलं?"

आत्या दोघींच्या मध्येच उभी राहिली. "ते नाही विचारायचं."

"अहो, मग विचारू तरी काय?"

"भूक लागलीय का, विचारा."

मावशीने विचारलं. मुलीने जोरात होकारार्थी मान हलवली.