पोहायच्या टाकीतले मासे

"हिनंच घातलंय! हिच्याच पोटात दुखत व्हतं!"

धाकट्या जावेने माझ्याकडे बोट केलं तेव्हा अर्धं गाव तिच्या अंगणात जमलं होतं. टाकीत रोहू आणि कटले पांढरी पोटं वर करून तरंगत होते. मी शेणाची पाटी घेऊन निघाले होते, ती हातात तशीच राहिली.

आमच्या मुरबाडच्या बाजूला ओढ्यात गेळाची फळं ठेचून टाकतात. मासे गुंगून वर येतात, मग हाताने धरायचे. गेळाचं झाड माझ्या घराच्या मागे होतं. सगळ्यांनी बघितलं ते त्या झाडाकडेच. बाईवर विषाचा आळ आला की तिच्या हातचं पाणी कुणी पीत नाही. माझ्या घरात लग्नाची मुलगी होती.

पोटात दुखत होतं हे मात्र खरं. खोटं कशाला लिहू?

गावाबाहेर मुंबईच्या एका शेठने बंगला बांधला होता. राखणदार हवा होता म्हणून त्याने आधी माझ्या नवऱ्याला विचारलं. हा म्हणाला, "दुसऱ्याच्या दाराची कडी मी नाय सांभाळायचा." मग धाकट्या दिराने नोकरी धरली. तेव्हापासून जावेच्या घरात एकेक वस्तू यायला लागली. पंखा आला, खुर्च्या आल्या, शेठाणीच्या साड्या आल्या. ती साडी नेसून पाणवठ्यावर यायची आणि विचारायची, "जाऊबाय, रंग कसा दिसतोय गो?" मी म्हणायचे, "उडालेला."

शेठची मुलं मोठी झाली आणि येईनाशी झाली. त्यांची पोहायची टाकी तशीच पडली होती. जमिनीवर उभी करायची गोल टाकी ती, पत्र्याच्या भिंतीची, आतून निळं प्लास्टिक, चढायला शिडी. शेठ म्हणाला घेऊन जा. दिराने पत्रे सुटे केले, बैलगाडीत घातले आणि अंगणात पुन्हा उभे केले. सगळा गाव बघायला आला. मी गेले नाही. माझ्या ओट्यावरून दिसतच होतं.

प्लास्टिकला एके ठिकाणी खडा लागून भोक पडलं. दिराने सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. मला वाटलं होतं, टिकणार नाही. टिकला. मग त्यांनी तळाला नदीची माती पसरली, थोडं शेण टाकलं, पाणी भरून हिरवं होईपर्यंत तसंच ठेवलं. भातसानगरच्या बाजूने दीर पिशवीत बोटभर लांबीची पिल्लं घेऊन आला. एस्टीत पिशवी मांडीवर धरून बसला होता म्हणे, आपलंच पोर असल्यासारखी. वरून बगळ्यांसाठी जुनं जाळं ताणलं. जाऊ रोज सकाळी कोंडा आणि पेंड टाकायची. पाण्यावर हात आपटला की मासे तिच्या हाताशी यायचे. माझ्या हाताशी माझी कोंबडीसुद्धा येत नव्हती.

एवढंही मी गिळलं असतं. पण सासू माझ्याकडे राहायची आणि तिला मरळ आवडायची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून जुन्या लुगड्याचा पदर लावून नदीत मासे धरत होते, आणि मरळ मिळाली की ती सासूची. त्या घरात माझी किंमत होती ती त्या एका गोष्टीने. रोहू मोठे झाल्यावर जावेने टाकीत मरळी सोडल्या. मरळ लहान मासे खाते, म्हणून आधी सोडल्या नव्हत्या. तेवढी अक्कल तिला होती. मग सासू जेवायला तिकडे जायला लागली. परत येऊन मला सांगायची, "तिकडची मरळ ताजी असते गो. चिखलाचा वास नाय." मी भांडी जरा जोरात घासायचे.

त्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी निम्म्यावर आलं होतं. जावेचे भाऊ शहापूरहून जेवायला यायचे होते. भावांना टाकी भरलेली दिसायला हवी होती. ते यायच्या दिवशीच सकाळी मासे मेले.

मी पाटी खाली ठेवली. जावेच्या ओट्यावरचा तांब्या घेतला, जाळं बाजूला केलं आणि टाकीत बुडवला.

"वयनी, खुळी झालीस का?" दिराने माझं मनगट धरलं.

"सोड. विष मीच घातलंय ना? मग किती घातलंय ते मलाच ठावं."

तांब्या रिकामा करून मी तोंड पुसलं. पाण्याला मातीची चव होती, आणि मागून घशाशी एक वास आला. तो वास आमच्या सगळ्यांच्या ओळखीचा. मी म्हटलं, "ह्याला विहिरीच्या पावडरीचा वास येतोय. वास घ्या."

शेजारच्या म्हाताऱ्याने ओंजळ भरून नाकाशी नेली आणि मान हलवली. शेजारच्या गावात जुलाबाची साथ होती, म्हणून आदल्या दुपारी पंचायतीच्या माणसाने विहिरीत पावडर टाकली होती. आज रात्री हे पाणी पिऊ नका, असं घरोघर सांगून गेला होता. आम्ही सगळ्यांनी आधीच हंडे भरून ठेवले होते.

म्हाताऱ्याने जावेला विचारलं, "विहिरीवरची मोटार कवा लावलीस?"

"काल सांजच्याला."

"पावडर टाकल्यावर?"

"त्यो पिऊ नका म्हणला व्हता. मासे काय पाणी पितात?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. जाऊ रडायला लागली. मला वाईट वाटलं नाही.

तेवढ्यात माझ्या ओट्यावरून सासू ओरडली, "मरळी बघा रे! मरळी हायत का?"

पाणी मी प्यायले होते. तिने मला हाक मारली नाही.

दिराने टाकीत उतरून चाचपलं. मरळ हवा घ्यायला पाण्यावर तोंड काढते. काठाशी, मेलेल्या माशांच्या मधे, त्या तोंड काढून होत्या. मरळी ठेवायला मी नदीच्या पाण्याचा हंडा आणून दिला. तो जावेसाठी नव्हता. त्या मेल्या असत्या तर तेही माझ्याच नावावर गेलं असतं.

मेलेले मासे उकिरड्यात पुरले. जावेचे भाऊ डाळभात जेवून गेले. माफी तिने मागितली नाही. मुलीचं लग्न पुढच्या वर्षी झालं, त्या आळाचा विषय कुणी काढला नाही. टाकीत दिराने पुन्हा पिल्लं सोडली, आणि माझ्या पोटातलं दुखणंही पुन्हा सुरू झालं.

ते पाणी पोटात जाऊन जगलो ते आम्ही एवढेच: मरळी आणि मी.