पहिली ओळ माझी

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी देवाशी भांडले. थायरॉइडचा कॅन्सर आहे, गाठ काढावी लागेल, हे मी निमूट ऐकून घेतलं होतं. पण आवाजाची नस गाठीला लागूनच आहे, आवाज बसू शकतो, असं डॉक्टर म्हणाले आणि माझा धीर सुटला. कामठ्याजवळच्या आमच्या गावात कार्तिकातला पहाटेचा काकडा मी उचलते. पहिली ओळ माझी, मागून साऱ्या बाया. तुझं नाव घेणारा गळाच तुला सापडला का, असं मी विठोबाला सरळ विचारलं.

गाठ निघाली, पण आवाज पार बसला. बोलले की नुसती फुसफुस. नस दुखावली आहे, आवाज येईलही, कदाचित येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी हट्टी बाई. पहाटे उठून उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घ्यायची, मग गोठ्यात जाऊन, दवाखान्यात आवाजासाठी शिकवलेले स्वर गाईसमोर लावायचे. गाय कान हलवायची, एवढीच दाद. सासूबाई कुरकुरत, "देवाच्या आंधी गोळी कायले घेतेस वो?" मी म्हणायचे, "मी उभी नाही राहिली तं त्याची आरती कोण करन?"

कार्तिक लागला. आमच्याकडे रीत अशी, की पहिल्या दिवशी जी काकडा उचलेल तिनेच तो महिनाभर चालवायचा, मध्ये सोडायचा नाही. बाया म्हणाल्या, यंदा राहू दे. मी ऐकलं नाही आणि उचलला. दुसऱ्याच ओळीला आवाज तुटला. टाळ थांबले. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी ओठ हलवत राहिले, एवढंच.

तेवढ्यात माझ्या शेजारून तीच ओळ खणखणीत उठली. एक अनोळखी म्हातारी माझ्या तोंडाशी कान लावून बसली होती. दूर दरेकशाकडच्या गावची, धान कापणीसाठी लेकीकडे आलेली. म्हणाली, "थांबू नोको बाई. तू बोल, मी आयकून राहिली." मी फुसफुसायचे, ती म्हणायची, बाया उचलायच्या. रोज ती माझ्या आधी येऊन बसलेली असे.

समाप्तीच्या पहाटे तिची जागा रिकामी होती. कापणी संपली, ती गावी गेली होती. पण उचललेलं सोडायचं कसं? मी ओळ म्हटली, घोगरी, बारीक. आणि मागून सगळ्या बायांनी ती अचूक झेलली. महिनाभर त्या म्हातारीसोबत त्याही कान देऊन बसायला शिकल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. मी ओळ सोडून रडले, तरी भजन चालूच होतं.

आजही गोळी आहे, तपासण्या आहेत, रिपोर्टची वाट पाहणं आहे. आवाज पूर्वीसारखा झाला नाही. त्या माउलीला विठोबाने धाडलं की कापणीने, हे मी कोणाशी वाद घालून ठरवत नाही, मी रोज हात जोडते. ओळ उचलणं माझं काम. ती पोचवायची कोणी, हे त्याने पाहावं.