सरजाबाई आणि बेटावरचा काळा पक्षी

पेडगावची सरजाबाई कुणाला भिणारी बाई नव्हे. लग्नाआधी ऊसतोडीच्या फडात तिनं साप मारले, मुकादमाला शिंगावर घेतलं. "उतारे-बितारे आमच्या सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडलेत," असं ती शेजारच्या झुंबरबाईला ठणकावून सांगायची. पण पोरगा सिद्धोधन जहाजावर नोकरीला लागला आणि बाई आतून पोखरली गेली.

तिकडच्या, प्रशांत महासागरातल्या सोलोमन बेटांवरून त्यानं मित्राच्या हाती एक लाकडी पक्षी पाठवला. लांबलचक पंख, आकड्यासारखी चोच, शिंपल्याचे पांढरे डोळे, रंग काळाकुट्ट. "त्याची गोष्ट आल्यावर सांगतो," एवढाच निरोप होता. झुंबरबाईनं तोंडाला पदर लावला.

"अगं बाई, गिधाडाची जात हाय ही! घरावर बसलं तरी माणूस जातंय, तू तर घरात बसवलंस!"

सरजाबाई हसली. पण त्याच आठवड्यात तिकडं वादळ झालं आणि पोराचा फोन लागेना. नवरा सिताराम, निवृत्त मास्तर, "समुद्रात रेंज नसते" म्हणून पेपरात डोकं घालून बसला. पक्ष्याचे डोळे घरभर आपल्या मागं फिरतात असं तिला वाटायला लागलं. झुंबरबाई निदान लिंबू उतरवून मोकळी झाली असती. हिला तीही सोय नव्हती. नवऱ्याला सांगावं तर तो हसणार, शेजारणीला सांगावं तर जन्मभराचा तोरा मातीत. भीतीपेक्षा भीतीची लाज जास्त होती.

सिताराम परभणीला गेला तशी तिनं पक्षी उचलला, न्हाणीच्या चुलीत कोंबला आणि वरून कापसाच्या पऱ्हाट्या सारल्या. पंखानं पेट घेतला आणि फोन वाजला.

"माय, मी खुशाल हाय. आत्ताच बंदरात आलोय."

रडूच फुटलं तिला.

"पक्षी पोचला न? तिकडला एक पोरगा जुन्या होडीच्या फळ्यांतून कोरतोय ते. हा पक्षी दर्यावर लय लांब जातोय, पण पाण्यावर बसत न्हाई, जमिनीलाच वापस येतोय. आधीचे लोक त्याला मासेमारीच्या होड्यांवर कोरायचे. आता गावातलं कुणी परदेशी कामाला निघालं की हा पोरगा त्याच्या घरी असा एक पक्षी करून देतोय. चोच दाराकडं ठेवायची, म्हणला, मग गेलेलं माणूस घरी येतंय. तुझ्यासाठी मुद्दाम करून घेतला."

सरजाबाईनं उघड्या हातानं पक्षी जाळातून ओढला. एक पंख गेला होता. बोटं भाजली, पण फोन तिनं कानाशीच धरला.

"ठेवलीस न चोच दाराकडं?"

"ठेवली," म्हणत तिनं धुमसता पक्षी उंबऱ्याकडं वळवला.

"मग काळजी न्हाई. उद्या परत निघायलोय, लांबच्या फेरीला."

जाऊ नको, हे अगदी तिच्या ओठांवर आलं. पण मग का, ते सांगावं लागलं असतं.

"जा," ती म्हणाली. "संभाळून जा."